बांधकाम करारातल्या दोषसूचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काम पुरं होतं, ताबा दिला जातो आणि साइटवरची माणसं पांगतात. कुठला पाइप कुठल्या भिंतीतून गेलाय हे ज्या फोरमनला तोंडपाठ होतं, तो तोवर दुसऱ्याच कामावर लागलेला असतो. मग भिंतीला ओल येते, दरवाजा अडकायला लागतो, पंप आठवड्यातून दोनदा ट्रिप होतो. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या हातात उरतो तो करार आणि एकमेकांना पाठवलेली पत्रं.

खालचे प्रश्न मालकाच्या बाजूने काम पाहणारे विचारतात, तसे कंत्राटदाराच्या ऑफिसातलेही विचारतात. कलमांचे आकडे फिडिकच्या (सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) १९९९ आणि २०१७ च्या रेड बुकातले, म्हणजे तिच्या नमुना बांधकाम करारातले आहेत, कारण बऱ्याच करारांची भाषा तिथूनच उचललेली असते. तुमच्या करारात वेगळं लिहिलं असेल तर तुमचा करार खरा.

दोषसूचना म्हणजे शेवटी तक्रारच ना?

नाही. तक्रार कोणीही, कोणाकडेही, कशीही करू शकतो. दोषसूचना करारात नेमलेल्या माणसाने, करारात दिलेल्या पत्त्यावर, लेखी द्यायची असते. ती पोचली की कंत्राटदाराला येऊन पाहणं आणि दुरुस्त करणं भाग पडतं. “अहो, परत पाणी आलंय” असा साइट इंजिनिअरला केलेला फोन ही तक्रार. तो जरूर करा, पण त्याच दिवशी पत्रही पाठवा. दोन वर्षांनी वाद लवादापुढे गेला तर त्या फोनचा मागमूस राहत नाही.

दोष नेमका कशाला म्हणायचा?

जे करारातल्या नकाशांशी, विनिर्देशांशी (स्पेसिफिकेशनशी) किंवा मंजूर नमुन्याशी जुळत नाही, तो दोष. आवडनिवड इथे चालत नाही. रंगाची छटा डोळ्यांना खुपते हा दोष नव्हे; मंजूर नमुन्याच्या पट्टीशेजारी धरल्यावर ती वेगळी दिसते, हा दोष. प्लास्टरवर केसासारखी भेग दिसली म्हणून लगेच पत्र लिहू नका. विनिर्देशात किती रुंदीची भेग चालते ते आधी बघा, मग भेगेची रुंदी मोजा. नळाचा वॉशर वापराने झिजला तर ती देखभाल. तोच वॉशर सगळ्या मजल्यांवर तीन महिन्यांत गेला तर मात्र विचार करायला जागा आहे.

एक गोष्ट नेहमी विसरली जाते. मालकाच्या सल्लागाराने काढलेल्या नकाशातच उतार चुकीचा असेल आणि कंत्राटदाराने तो तसाच काढला असेल, तर पाणी साचतंय हे खरं, पण तो कंत्राटदाराचा दोष नाही. फिडिकच्या ११.२ प्रमाणे स्वतःचं डिझाइन, माल, कारागिरी किंवा स्वतःची दुसरी एखादी जबाबदारी चुकली असेल तेवढ्याच दुरुस्तीचा खर्च कंत्राटदाराच्या अंगावर पडतो. बाकीचं काम तो करून देतो, पण त्याचे पैसे बदलकाम म्हणून मिळतात. म्हणजे सूचना दिली म्हणून दुरुस्ती फुकटच होईल असं नाही.

दोषसूचना देण्याचा काळ कधीपासून मोजायचा आणि किती असतो?

ताबा प्रमाणपत्रात काम पूर्ण झाल्याची जी तारीख असते, तिथून. प्रमाणपत्रावर सही ज्या दिवशी झाली, तिथून नाही. या दोन तारखांमध्ये महिना-दीड महिन्याचं अंतर सहज पडतं आणि शेवटच्या आठवड्यात त्यावरूनच भांडणं होतात. टप्प्याटप्प्याने ताबा दिला असेल तर प्रत्येक भागाचा काळ वेगळा धावतो. तेव्हा एक तक्ता करा: भाग, पूर्णत्वाची तारीख, काळ संपण्याची तारीख. तो भिंतीवर लावा.

फिडिकच्या २०१७ च्या आवृत्तीत करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर हा काळ एक वर्ष धरतात. १९९९ च्या नमुन्यात ३६५ दिवस छापलेलेच होते. दोषामुळे काम किंवा त्याचा मोठा भाग वापरताच आला नाही तर मालकाला काळ वाढवून मागता येतो, पण ही वाढ दोन वर्षांपलीकडे जात नाही. आणि ती मागणी मूळ काळ संपायच्या आत गेली पाहिजे, हे १९९९ च्या २.५ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे.

नावाबद्दलही थोडं सांगतो. १९८७ च्या फिडिक करारात याला दोषदायित्व काळ (डिफेक्ट्स लायबिलिटी पीरियड) म्हणत. साइटवर आपण अजूनही डीएलपीच म्हणतो. १९९९ मध्ये फिडिकने नाव बदलून दोषसूचना काळ केलं. हा बदल मला फार नेमका वाटतो. जुन्या नावामुळे कंत्राटदाराला वाटायचं की वर्ष संपलं की आपण सुटलो, आणि मालकाला वाटायचं की वर्षभरात कधी सांगितलं काय नि कसं सांगितलं काय, जबाबदारी आहेच. नव्या नावात खरी गोष्ट आहे: हा काळ सूचना देण्यासाठी आहे. दायित्व संपणं हा वेगळा विषय आहे आणि तो त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतो.

स्नॅग लिस्ट आणि दोषसूचना एकच का?

नाही. ताबा देताना दिसलेल्या बारीकसारीक राहिलेल्या गोष्टी स्नॅग लिस्टमध्ये येतात. ती ताबा प्रमाणपत्राला जोडलेली असते आणि कंत्राटदाराने ते काम ठरल्या मुदतीत पुरं करायचं असतं. दोषसूचना ताब्यानंतर दिसलेल्या गोष्टींची. दोन्ही एकाच वहीत घातल्या की कुठली नोंद आधीची आणि कुठली नंतरची हे कोणालाच सांगता येत नाही. क्रमांक वेगळे ठेवा, एवढंच.

सूचना कोणी द्यायची? व्हॉट्सॲपवर चालते का?

फिडिकमध्ये सूचना मालक देतो किंवा त्याच्या वतीने दिली जाते. प्रत्यक्षात ती बहुधा इंजिनिअरच्या, म्हणजे करार राबवायला मालकाने नेमलेल्या माणसाच्या सहीने जाते. एनईसी४ या ब्रिटनमधल्या नमुना करारात सुपरवायझर (कामाचा दर्जा तपासणारा) दोष सापडला की कळवतो, आणि कंत्राटदारालाही स्वतःला सापडलेला दोष सुपरवायझरला कळवावा लागतो. हे दुसरं अर्धं वाक्य कंत्राटदाराच्या किती माणसांनी वाचलेलं असतं, याबद्दल मला शंका आहे.

माध्यम करारात लिहिलेलं असतं. हाती देऊन पोच घेणं, कुरिअर किंवा करारात ठरलेलं इलेक्ट्रॉनिक माध्यम, एवढंच मान्य असतं. फिडिकच्या २०१७ च्या आवृत्तीत पत्रावर ते ‘सूचना’ असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं. इमारतीतल्या दहा जणांच्या ग्रुपवर टाकलेला फोटो हा पुरावा म्हणून कधीतरी उपयोगी पडेल, पण करारात ते माध्यम नसेल तर ती सूचना ठरत नाही. फोटो ग्रुपवर टाका, पत्र ईमेलने पाठवा, पोच जपून ठेवा.

सूचनेत काय लिहायचं?

या एका प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा. सूचना लिहिताना कंत्राटदार डोळ्यांसमोर ठेवू नका. ज्याने ही इमारत कधी पाहिली नाही अशा माणसाला ती दोन वर्षांनी वाचून कळली पाहिजे, या हिशोबाने लिहा.

नेहमी येणारं पत्र असं असतं:

“तिसऱ्या मजल्यावर निकृष्ट वॉटरप्रूफिंगमुळे सगळीकडे गळती होत आहे. वारंवार सांगूनही दुर्लक्ष केले जात आहे. त्वरित दुरुस्ती करावी, अन्यथा कारवाई करण्यात येईल.”

यात जागा नाही, तारीख नाही, माप नाही, मुदत नाही. राग मात्र भरपूर आहे. आता हीच गोष्ट अशी लिहा:

“दोष क्र. ४७. इमारत ब, तिसरा मजला, खोली ३०४, पश्चिमेकडच्या खिडकीखालची भिंत. फरशीपासून ४० सेंमी उंचीपर्यंत, १.२ मीटर लांबीचा ओलीचा पट्टा. रंगाला फुगे, दोन ठिकाणी पोपडे निघालेले. ७ तारखेला सकाळी प्रथम दिसला, आदल्या रात्री पाऊस होता. ११ तारखेला, तीन दिवस पाऊस नसताना पुन्हा पाहिला. पट्टा तेवढाच होता, हाताला ओला लागत होता. फोटो ४७-१ ते ४७-४, क्र. ४७-२ मध्ये टेप लावलेली आहे. बाह्य भिंती आतून कोरड्या राहाव्यात असं सांगणाऱ्या विनिर्देशातील कलमाशी हे विसंगत आहे. १८ तारखेपर्यंत संयुक्त पाहणी करून दुरुस्तीचा प्रस्ताव द्यावा. खोली कामकाजाच्या दिवशी सकाळी १० ते ५ उघडी मिळेल; आदल्या दिवशी कळवावं.”

पाहणी करणाऱ्याला यात अर्धं उत्तर मिळालं. तीन दिवस पाऊस नसताना ओल तशीच आहे, म्हणजे पाणी फक्त पावसाचं असेलच असं नाही. पट्टा फरशीला टेकलाय, म्हणजे खिडकीच्या चौकटीबरोबर फरशीखालच्या पाइपांकडेही बघायला हवं. पत्रात हे निष्कर्ष कुठेच लिहिलेले नाहीत. जे दिसलं तेवढंच लिहिलंय.

एका सूचनेत एकच दोष आणि त्याला एकच क्रमांक, हा नियम पाळा. एका पत्रात अठरा गोष्टी घातल्या की कंत्राटदार सोप्या बारा उरकतो, ‘पत्राची पूर्तता केली’ असं उत्तर देतो, आणि उरलेल्या सहा शोधत बसायचं काम तुमच्याकडे येतं. पत्र एक असलं तरी चालेल, पण आत नोंदी सुट्या हव्यात.

कारण लिहावं का? आम्हाला तर माहीत आहे पाणी कुठून येतंय.

लिहू नका. माहीत असलं तरी ‘शक्यता’ म्हणून शेवटी वेगळ्या ओळीत लिहा.

एका कामावर मी हे महागात शिकलो. गच्चीखालच्या खोलीत खांबालगत पाणी उतरत होतं. मी सूचनेत लिहिलं: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये दोष. कंत्राटदार आला, गच्चीची पाणी जायची तोंडं बुच मारून बंद केली, पाणी तुंबवलं, ४८ तास ठेवलं. खाली एक थेंब आला नाही. त्याने फोटोंसकट उत्तर दिलं की वॉटरप्रूफिंगमध्ये दोष नाही, नोंद बंद करावी. मला उत्तर सुचलं नाही. नोंद बंद झाली.

पुढच्या मोठ्या पावसात पाणी पुन्हा आलं. खांबाभोवतीचं प्लास्टर फोडल्यावर कळलं की पावसाच्या पाण्याचा उभा पाइप तिथूनच खाली गेलाय आणि त्याचा एक सांधा नीट बसलेलाच नाही. तपासणीच्या वेळी तोंडं बंद केल्यामुळे पाइपात पाणी गेलंच नव्हतं, मग सांधा गळणार कसा? तपासणी चोख झाली होती. तपासली गेली ती गोष्टच वेगळी होती, आणि ती तपासायला मीच सांगितली होती. मधल्या काळात वर्ष संपलं होतं. पाइपाबद्दल तुम्ही आम्हाला कधी कळवलंच नाही, असं कंत्राटदाराचं म्हणणं पडलं. शेवटी खर्च निम्मा निम्मा वाटून घेतला. सूचनेत “खांबालगत छतातून पाणी उतरतंय” एवढंच लिहिलं असतं, तर ते कुठून येतंय हे शोधणं त्याच्याकडे गेलं असतं.

करारातही कारण शोधायची वेगळी सोय असते. फिडिकच्या ११.८ प्रमाणे इंजिनिअर कंत्राटदाराला दोषाचं कारण शोधायला सांगू शकतो. कारण कंत्राटदाराकडचं निघालं तर शोधाचा खर्च त्याचा. नाहीतर त्याला खर्च आणि नफा दोन्ही मिळतात. एवढी व्यवस्था हाताशी असताना मालकाने अंदाज बांधून त्यावर सही का करावी?

दुरुस्तीला किती मुदत द्यावी?

दोष बघून. सगळ्या सूचनांना ठोकळेबाज ‘सात दिवसांत’ लिहिलं की मुदतीला किंमतच राहत नाही. वरून क्लॅडिंगचा (बाहेरच्या भिंतीवरच्या आवरणाचा) तुकडा सुटायच्या बेतात असेल तर आधी खालचा रस्ता बंद करा, मग फोन, मग त्याच तासात पत्र. खास बनवून घेतलेल्या काचेचा पॅनेल तडकला असेल तर सात दिवसांत नवा येणारच नाही. तिथे आधी तात्पुरता आडोसा कधी, मग काच कधी, अशा दोन तारखा मागा. मुदत वाजवी नसली तर पुढे दुसऱ्याकडून काम करून घेऊन वसुली करताना तीच आडवी येते.

नुकसान वाढू न देणं हे मालकाचंही काम आहे. छत गळतंय म्हणून सूचना पाठवून खालचं फर्निचर तिथेच भिजत ठेवलं, तर त्या फर्निचरची पूर्ण भरपाई मिळेल असं धरून चालू नका. हलवण्याआधी फोटो मात्र काढा.

कंत्राटदार म्हणतो, “हा आमचा दोषच नाही.” आता?

म्हणू दे. त्याला लेखी म्हणायला लावा, कारणासकट. मग संयुक्त पाहणी करा. २०१७ च्या आवृत्तीत तर सूचनेनंतर लगेच संयुक्त पाहणी आणि मग कंत्राटदाराचा दुरुस्तीचा प्रस्ताव, असा क्रमच दिला आहे. पाहणीला टिपण तिथल्या तिथे हाताने लिहा आणि दोघांनी सह्या करा. मतं जुळली नाहीत तर दोन्ही मतं लिहा. ऑफिसात जाऊन टाइप केलेल्या टिपणावर सही मिळायला तीन आठवडे लागतात आणि तोवर दोघांच्याही आठवणी आपापल्या सोयीने बदलतात.

काही वेळा कंत्राटदार जबाबदारी न मानता काम करून देतो आणि खर्चाचा हक्क राखून ठेवतो. यात वावगं काही नाही. ओल थांबते आणि पैशांचं नंतर ठरतं. कंत्राटदारांना माझा सल्लाही हाच असतो, विशेषतः दोष वाढत जाणारा असेल तर. वाद जिंकलात तर पैसे मिळतील. हरलात तर तोवर दुरुस्तीचा खर्च तिप्पट झालेला असेल.

आम्हाला तो कंत्राटदार परत आवारात नको. दुसऱ्याकडून करून घेऊन बिल त्याला लावलं तर?

असं पत्र टाइप करण्याआधी थोडं थांबा. सूचना मिळून स्वतः दुरुस्त करणं ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे तशी सोयही आहे. त्याच्याकडे माणसं आहेत, मालाचा भाव त्याला कमी पडतो, उपकंत्राटदाराला तो फुकटात बोलावू शकतो. तुम्ही त्याला संधीच दिली नाही तर दुसऱ्याकडून करून घेताना जो जास्तीचा खर्च झाला, तो तुम्हाला मिळणार नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९९ मध्ये पिअर्स अँड हायच्या खटल्यात हेच सांगितलं: सूचना दिली नाही म्हणून मालकाचा हक्क बुडत नाही, पण कंत्राटदाराने स्वतः केलं असतं तर त्याला जेवढा खर्च आला असता, त्यापेक्षा जास्त मागता येत नाही.

एनईसी४ मध्ये हा फरक थेट कलमातच आहे. आत यायला मिळूनही कंत्राटदाराने मुदतीत दोष काढला नाही तर दुसऱ्याकडून करून घ्यायला मालकाला येणारा खर्च त्याने द्यायचा. आत यायलाच मिळालं नाही तर त्याला स्वतःला जेवढा खर्च आला असता तेवढाच. दोन रकमांमध्ये मोठी तफावत पडू शकते.

म्हणून खोली उघडी ठेवल्याची नोंद ठेवा. “१४ तारखेला १० वाजता दार उघडलं, ११.३० पर्यंत कोणी आलं नाही, फोन उचलला नाही” हे दोन ओळींचं टिपण पुढे वकिलाच्या दहा पानांपेक्षा जास्त कामाला येतं. कंत्राटदारांनीही तेच करावं: माणसं गेली, कुलूप होतं, कुलपाचा फोटो.

सूचना दिली, मुदत दिली, तरी येत नाही.

मग फिडिकच्या ११.४ कडे या. आधी ठराविक तारीख देऊन दुसरी सूचना द्या. त्यात ही शेवटची मुदत आहे आणि त्यानंतर कुठला मार्ग घेणार, हे लिहा. ती तारीख टळली की मालक वाजवी पद्धतीने स्वतः किंवा दुसऱ्याकडून काम करून घेऊन खर्च कंत्राटदाराकडून घेऊ शकतो, किंवा दोष तसाच ठेवून किमतीत वाजवी कपात मागू शकतो. दोषामुळे कामाचा जवळजवळ सगळा उपयोगच गेला असेल तर करार संपवण्यापर्यंतही जाता येतं, पण ती पायरी वकिलाला विचारल्याशिवाय चढू नका.

दुसऱ्याकडून काम करून घेताना फोडाफोडीच्या आधी, मध्ये आणि नंतर फोटो काढा, निघालेले तुकडे पिशवीत घालून त्यावर दोषाचा क्रमांक लिहा, आणि मूळ कंत्राटदाराला ‘अमुक दिवशी उघडणार आहोत, बघायला या’ असं कळवा. एकदा नवं प्लास्टर चढलं की आत काय होतं हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. आणि लक्षात ठेवा, दुसऱ्याने केलेल्या कामाची जबाबदारी मूळ कंत्राटदारावर राहत नाही.

दोष तसाच राहू द्यायचं ठरवलं तर?

चालतं. फरशीखालचा एखादा पाइप दोन सेंटिमीटर सरकलाय म्हणून संपूर्ण फरशी उखडण्यात कोणाचंच हित नसतं. किमतीत कपात ठरवा, लेखी करा, नोंद ‘मान्य, कपातीसह’ म्हणून बंद करा. एनईसी४ मध्ये यासाठी कंत्राटदार कमी किमतीचा प्रस्ताव देतो आणि तो मान्य झाला की स्कोपच (काय काम करायचं ते सांगणारा करारातला भाग) त्याप्रमाणे बदलतो. तोंडी मात्र काहीही सोडून देऊ नका.

दुरुस्ती झाली असं कंत्राटदार सांगतो. नोंद बंद करू?

नोंदवहीत दोन वेगळे रकाने ठेवा: कंत्राटदाराने ‘झालं’ म्हटल्याची तारीख आणि तुम्ही तपासून मान्य केल्याची तारीख. या दोन तारखा एकाच रकान्यात लिहिल्या की गोंधळ सुरू.

तपासणी दोषाला साजेशी हवी. ओलीवर नवा रंग दिलेला असेल तर आठवड्याभरात काहीच कळत नाही. पाऊस होऊ द्या, किंवा पाणी मारून बघा. पोकळ वाजणारी टाइल बदलली असेल तर तिच्यासकट शेजारच्या चारही टाइल्स ठोकून बघा, कारण काढताना शेजारच्या सुटतात. दुरुस्तीचा परिणाम कामाच्या कामगिरीवर होण्यासारखा असेल तर फिडिकच्या ११.६ खाली पूर्वीच्या चाचण्या पुन्हा करून घेता येतात, पण ते सांगायला १९९९ च्या आवृत्तीत दुरुस्ती झाल्यापासून फक्त २८ दिवस आहेत.

दुरुस्त केलेल्या भागाला नवं वर्ष मिळतं का?

आपोआप नाही. काही करारांत तसं खास कलम घातलेलं असतं. नसेल तर मूळ काळच चालतो. अकराव्या महिन्यात गच्चीचं निम्मं वॉटरप्रूफिंग नवं झालं आणि त्याची परीक्षा महिन्याभरातच संपली, हे मालकाला अन्यायाचं वाटतं आणि मलाही ते पटत नाही. पण उपाय करार करतानाच शोधावा लागतो.

एकच दोष शंभर ठिकाणी आहे. शंभर सूचना?

एक सूचना, पण सोबत यादी. “सर्व खोल्यांतील टाइल्स पोकळ आहेत” हे वाक्य पहिल्याच पाहणीत कोसळतं, कारण दुसऱ्याच खोलीत एखादी घट्ट निघते. मजल्याचा नकाशा घ्या, टाइल ठोकत जा, पोकळ वाजणारीवर फुली मारा, नकाशाचा फोटो जोडा. दोन माणसांचं दिवसाभराचं काम आहे, पण मग किती टाइल्स, किती दिवस, किती खर्च हे सगळं तिथूनच निघतं. सगळीकडे तपासणं शक्यच नसेल तर किती ठिकाणी तपासलं आणि किती ठिकाणी आढळलं, हे दोन्ही आकडे लिहा.

रिटेन्शनचे (बिलांतून कापून राखून ठेवलेले) पैसे दोष संपेपर्यंत अडवता येतात का?

सगळे नाही. फिडिकच्या १४.९ प्रमाणे राखून ठेवलेल्या रकमेचा पहिला अर्धा भाग ताब्यानंतर आणि उरलेला शेवटचा दोषसूचना काळ संपल्यावर सुटतो. त्या वेळी दुरुस्त्या बाकी असतील तर त्यांच्या अंदाजे खर्चाइतकीच रक्कम अडवता येते. म्हणजे प्रत्येक उघड्या नोंदीपुढे अंदाजे खर्चाचा आकडा हवा. दोन दरवाज्यांच्या बिजागरांपायी पूर्ण रिटेन्शन दाबून ठेवणारे मालक पाहिलेत. त्यानंतर कंत्राटदार बिजागरंही करत नाही आणि फोनही घेत नाही.

कंत्राटदाराने सूचना आल्या दिवशी काय करावं?

पोच द्या, दोषाला स्वतःचा क्रमांक द्या आणि उपकंत्राटदाराबरोबरचा करार काढून त्याचा काळ कधी संपतो ते बघा. इथेच सगळ्यात जास्त पैसा गळतो. मुख्य करारात वर्ष ताब्यापासून आणि उपकरारात उपकंत्राटदाराचं काम संपल्यापासून मोजत असतील, तर तुमच्यावर सूचना येते तेव्हा त्याचं वर्ष उलटूनही गेलेलं असतं. मालकाचं पत्र आलं त्याच दिवशी स्वतःच्या नावाने उपकंत्राटदाराला सूचना पाठवा. नुसतं पुढे ढकललेलं ईमेल पुरत नाही, कारण त्यात तुमच्या उपकराराचा उल्लेखच नसतो.

उत्तरात ‘माफ करा, चूक झाली’ लिहायची घाई नको, तशी ‘आरोप निराधार आहेत’ लिहायचीही नको. अमुक दिवशी पाहायला येतो, एवढं पुरे.

काळ संपला आणि नंतर दोष सापडला तर सगळं संपलं?

नाही. येऊन फुकट दुरुस्त करायला लावण्याचा करारातला सोपा मार्ग बंद होतो, पण करारभंगाची भरपाई मागण्याचा हक्क कायद्यातल्या मुदतीपर्यंत राहतो. फिडिकच्या ११.१० मध्ये पूर्तता प्रमाणपत्रानंतरही (काळ संपून दुरुस्त्या झाल्यावर मिळतं ते) राहिलेल्या जबाबदाऱ्यांना दोन्ही बाजू बांधील असतात असं म्हटलंय. २०१७ च्या आवृत्तीत यंत्रसामग्रीपुरती मात्र काळ संपल्यानंतर दोन वर्षांची मर्यादा घातली आहे. आत दडलेल्या गंभीर दोषांसाठी काही देशांचे कायदे बरेच पुढे जातात. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत इमारतीच्या मजबुतीला धोका आणणाऱ्या किंवा ती वापरायोग्य न ठेवणाऱ्या दोषांसाठी काम स्वीकारल्यापासून दहा वर्षांचं दायित्व आहे, आणि त्याच्या जोडीला पहिल्या वर्षासाठी वेगळी हमी.

काळ संपत आलाय. शेवटच्या महिन्यात काय करू?

शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. सहा आठवडे आधी पूर्ण इमारत फिरा, तळघरापासून गच्चीपर्यंत, सोबत देखभाल करणारा माणूस घेऊन, कारण कुठल्या नळाखाली बादली ठेवलीय हे त्यालाच माहीत असतं. एरवी कोणी न उघडणारी दारं उघडा: शाफ्ट, लिफ्टची खोली, खोट्या छताच्या वर, पाण्याच्या टाकीचं झाकण. जुन्या ‘बंद’ नोंदी पुन्हा डोळ्यांखालून घाला. पुन्हा उद्भवलेल्या दोषाला नवा क्रमांक द्या, जुन्या क्रमांकाचा उल्लेख करून. सगळ्या सूचना काळ संपायच्या किमान आठवडाभर आधी पोचतील अशा पाठवा, आणि कंत्राटदाराचा करारातला पत्ता अजून तोच आहे का ते पाठवण्याआधी तपासा. माझं एक पाकीट पत्ता बदलल्यामुळे परत आलं होतं, काळ संपल्याच्या तिसऱ्या दिवशी.